तीनदा जळलेली मोटर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सावईवेऱ्याहून एक पिकअप गोव्यातल्या फोंड्याच्या माझ्या मोटर-वाइंडिंगच्या वर्कशॉपसमोर थांबली. मागचं फळकूट उघडायच्या आधीच वास आला. जळक्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की जात नाही, आणि हा तर त्याच हंगामात त्याच मोटरीचा मी तिसऱ्यांदा घेत होतो. कुळागराचे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेचे, मालक खाली उतरले. मोटरीकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "परत लासली मरे."

पहिल्यांदा ती जानेवारीच्या सुरुवातीला जळली होती, दुसऱ्यांदा फेब्रुवारीत. दोन्ही वेळा वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या कॉइली नव्याने भरण्याचं काम, मीच केलं होतं, आणि दुसऱ्या वेळी मजुरी घेतली नव्हती. आता मालकांचं म्हणणं सरळ होतं. "तुझं तांबं तरी खोटं, नाहीतर वार्निश तरी पातळ. कुळागरात माझ्या आजोबांच्या वेळेपासून पाणी आहे, पंप आहे, आणि एका हंगामात तीनदा मोटर कधी जळली नाही." मी काही बोललो नाही, कारण तांबं खरं होतं आणि वार्निश जाड होतं एवढंच मला माहीत होतं. मोटर का जळली ते माहीत नव्हतं.

मोटर तशी साधी. पाच हॉर्सपॉवर, म्हणजे ३.७ किलोवॉट. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेज, डेल्टा जोडणी. पूर्ण लोडला ७.५ अँपिअर, मिनिटाला १४४० फेरे. बीडाची बॉडी, पायांवर बसणारी, पाठीमागे पंखा. एका लोखंडी चौकटीवर ती आणि पंप समोरासमोर, मधे रबरी बुशांचं कपलिंग. व्हाळाच्या काठच्या विहिरीतून पाणी वरच्या टाकीत चढायचं, तिथून पोफळींना. पोफळीला थंडीत सहा-सात दिवसांनी पाणी दिलं तरी भागतं. मार्च लागला की तीन-चार दिवसांनी द्यावंच लागतं, नाहीतर कोवळी सुपारी गळायला लागते. मोटर आठ दिवस वर्कशॉपात पडली तर दोन पाळ्या चुकतात. मालकांच्या रागात तेही होतं.

पहिल्या दोन वेळा मी काय केलं ते आधी सांगतो, कारण प्रकरणाची अर्धी गोम तिथेच आहे. जळलेली मोटर आली की वाइंडर कॉइली छाटण्याआधी डेटा उतरवून घेतो: खाचा किती, पोल किती, एका खाचेत किती टर्न, तारेचा गेज, कॉइलचा पिच, जोडणी कुठली. या मोटरीचा कागद आजही माझ्याकडे आहे. खाचा ३६, पोल ४, दुहेरी थर, डेल्टा. खाली तारेचा गेज आणि टर्न. कुठल्या कॉइली काळ्या होत्या आणि कुठल्या शाबूत, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नाही. डेटा उतरवला की एका बाजूचं ओव्हरहँग, म्हणजे खाचांबाहेर आलेला कॉइलींचा भाग, छिन्नीने छाटायचं, स्टेटर, म्हणजे कॉइली बसवलेला मोटरीचा न फिरणारा भाग, मागच्या अंगणात न्यायचा आणि नारळाच्या सोडणांच्या जाळात ठेवायचा. अर्ध्या तासात वार्निशची राख होते, तांबं पक्कडीने ओढलं की सुटून येतं. तीनेक किलो तांबं भंगारात जातं आणि त्याच्याबरोबर पुरावाही.

जानेवारीत मी हेच केलं. फेब्रुवारीत मोटर आली तेव्हा आतून सगळी कोळसा झालेली होती, कारण त्या दिवशी पंप चालवणारे मामा पाट फिरवायला वरच्या बाजूला गेले होते आणि ब्रेकर पडेपर्यंत ती चालूच राहिली. मी आत डोकावलो, "व्होल्टेज" म्हणालो आणि छिन्नी घेतली. व्होल्टेज हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. गिऱ्हाइकाचा दोष नाही, वाइंडरचाही नाही.

तिसऱ्यांदा पोऱ्याने सवयीने छिन्नी उचलली तसा मी त्याला थांबवलं. म्हटलं, आज आधी बघू.

टेबलावर

उघडण्याआधी टर्मिनल बॉक्स. आत सहा बोल्ट, तीन वाइंडिंगांची सहा टोकं त्यांवर आलेली. तीन पितळी पट्ट्या उभ्या लावल्या की डेल्टा, एका ओळीत आडव्या लावल्या की स्टार. बोल्ट सैल असता तर बूड काळवंडलं असतं, बेकेलाइटची पाटी करपली असती. तसं काही नव्हतं. शिवाय एखादी पट्टी सुटली असती तर त्या पट्टीवरचं वाइंडिंग गार राहून उरलेली दोन तापली असती. ही खूण डोक्यात ठेवली, पुढे कामाला आली.

मागचं पंख्याचं कव्हर काढलं. जाळीत सुपारीच्या सालींचा भुसा, बॉडीच्या पन्हळींत वाळलेला चिखल. ही मोटर पूर्ण बंद जातीची आहे. बाहेरची हवा आत शिरत नाही, आतली उष्णता बीडाच्या बॉडीतून पन्हळींवर येते आणि पंखा ती उडवून लावतो. पन्हळी बुजल्या की मोटर तापते हे खरं, पण मग सगळीच सारखी तापते. भुसा काढून टाकला, मनातून नाही.

साइड कव्हर काढण्याआधी बॉडीवर आणि कव्हरवर पंचने खुणा केल्या, म्हणजे बसवताना कव्हर जिथल्या तिथे बसतं. दिसायला ते नुसतं झाकण, पण त्याच्या मधोमध बेअरिंगचं घर असतं आणि रोटरला स्टेटरच्या बरोबर मध्ये तोलून धरायचं काम तेच करतं. रोटर आणि स्टेटर यांच्यातली हवेची फट अशा मोटरीत अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असते. बेअरिंग झिजलं, घर ढिलं पडलं, की फिरता रोटर स्टेटरला घासतो. दोन्ही बाजूंना ६२०६ नंबरची बेअरिंग होती, आतून ३० मिलिमीटर, बाहेरून ६२. पेट्रोलने धुऊन कानाजवळ फिरवून बघितली. आवाज स्वच्छ. बेअरिंग सुटली, म्हणजे संशयातून.

मग रोटर बाहेर ओढला. इंडक्शन मोटर पहिल्यांदा उघडून बघणारा इथे हमखास गोंधळतो, कारण रोटरवर एकही तार नसते. वीज जाण्यासाठी ब्रश नाही, रिंग नाही, काही नाही. शाफ्टवर पातळ पत्र्यांच्या चकत्यांची थप्पी, तिच्या खाचांत वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाखाली ओतून केलेल्या दांड्या, आणि दोन्ही टोकांना त्या सगळ्या दांड्यांना एकत्र बांधणाऱ्या दोन कड्या. पत्रे काढून नुसतं ॲल्युमिनियम डोळ्यांपुढे आणलं तर खारीच्या पिंजऱ्यासारखं दिसतं, म्हणून नावही तेच. तीन फेजची पिंजऱ्याची मोटर मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या इंजिनिअराने १८८९ साली जर्मनीत ए.ई.जी. कंपनीत असताना बनवली. सव्वाशे वर्षांवर होऊन गेली, कुळागरातल्या पंपावर अजून तोच पिंजरा फिरतो.

स्टेटरमधले तीन फेज मिळून एक चुंबकीय क्षेत्र फिरवतात. चार पोल आणि ५० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. रोटर त्याच्या मागे धावतो, पण त्याला गाठत नाही. गाठलं तर दांड्यांना क्षेत्र स्थिर वाटेल, त्यांत करंट उरणार नाही आणि जोरही उरणार नाही. हा रोटर १४४० ने धावतो, साठ फेरे मागे राहतो, आणि त्या साठ फेऱ्यांच्या फरकावर पंप चालतो. दांड्या शाफ्टला समांतर नसतात, किंचित तिरक्या असतात. शिवाय रोटरच्या खाचांची संख्या स्टेटरच्या खाचांइतकी कधी ठेवत नाहीत, नाहीतर दात दातासमोर येऊन मोटर सुरू होतानाच अडकून बसेल.

या रोटरवर मी तीन गोष्टी शोधल्या. घासल्याची चकाकी, अडकून बसल्याचा निळसर रंग, आणि दांडी जिथे कडीला मिळते तिथे तडा. तिन्ही नव्हत्या. पंप अडकला नव्हता, म्हणजे मामांवर मी मनात ठेवलेला एक आरोप तिथे मिटला.

उरला स्टेटर.

टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंचं ओव्हरहँग बघितलं. ३६ खाचा, चार पोल, तीन फेज. हिशेब केला तर प्रत्येक पोलाखाली प्रत्येक फेजच्या तीन कॉइली. तीन-तीन कॉइलींचे गट धरले तर सगळे मिळून बारा गट, एका फेजच्या वाट्याला चार. त्या बारांतले चार गट कोळसा झाले होते. बाकीचे आठ नुसते तांबूस, त्यांवरची बांधणीची दोरीसुद्धा पांढरी होती. आणि ते चार काळे गट कसेही विखुरलेले नव्हते: एक वर, एक उजवीकडे, एक खाली, एक डावीकडे. घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ.

पोऱ्या म्हणाला, "कोणी मोजून जाळल्यासारखं दिसतंय."

अशी नक्षी सहसा एकाच कारणाने उमटते: तीनपैकी एक लाइन तुटते आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर चालत राहते. लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी राहिलं तर बाराही गट सारखे भाजतात. ओल शिरून वाइंडिंग बॉडीला टेकलं तर एकाच खाचेत भोक पडतं आणि आजूबाजूचं सगळं ताजं राहतं. आमच्याकडे पावसाळ्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच जास्त येतं, आणि त्यावर आम्ही बिघडण्याआधीच उपाय करतो: रोटर काढून आत दोनशेचा बल्ब रात्रभर लावून ठेवायचा. इथे इन्सुलेशन मोजणारा मेगर लावून बघितलं तर जळालेल्या फेजचासुद्धा बॉडीला संबंध नव्हता, काटा वीस मेगओहमच्या वर. टर्न आपसात चिकटले होते, बॉडीला नाही. आणि पट्टी सुटली असती तर, वर म्हटलं तसं, आठ गट काळे आणि चार गार दिसले असते. डेल्टा मोटर दोन फेजवर चालली की एक फेज जळतो. स्टार मोटरीत उलट, दोन जळतात आणि एक वाचतो.

आकडे मांडून बघितले तेव्हा मलाच ते इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. जानेवारीत मोटर परत बसवताना मी करंट मोजायला टाँग टेस्टर लावला होता, पंपावर ती ६ अँपिअर घेत होती. एक लाइन तुटली आणि पंप तेवढंच काम मागत राहिला तर उरलेल्या दोन लाइनींत करंट जवळजवळ १.७३ पट होतो, म्हणजे १०.४. डेल्टात आता एक वाइंडिंग थेट त्या दोन लाइनींमध्ये असतं आणि उरलेली दोन एकामागे एक जोडलेली त्याला समांतर. करंट सोपी वाट धरतो: दोन तृतीयांश एकट्या वाइंडिंगमधून, म्हणजे ६.९ अँपिअर, आणि एक तृतीयांश त्या जोडीतून, ३.५. आता नेमप्लेटवरचे ७.५ हा लाइनचा करंट. डेल्टाच्या एका वाइंडिंगच्या वाट्याला त्यातले ४.३ येतात. म्हणजे दोन वाइंडिंगं आपल्या पेलण्याच्या आतच, सावलीत बसल्यासारखी, आणि तिसऱ्यात पेलण्याच्या दीडपटीहून जास्त करंट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तिथे अडीच पट.

सावईवेऱ्यात

नक्षी डोळ्यांसमोर होती तरी मी अडखळलो, कारण मालकांनी फेब्रुवारीनंतर स्वतःहून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेतला होता. एक फेज गेला की तो स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारी पेटी, पाडतो. तो असताना मोटर दोन फेजवर चालणार कशी? मालकांनी हे फोनवर सुनावलंही. "तीन दिवे आहेत. तिन्ही पेटलेले असतात. मामांना विचार."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून गेलो. कुळागर उतारावर, वर माड, खाली पोफळी, पोफळींवर मिरवेली. पंपघर म्हणजे जांभ्याच्या चार भिंती आणि वर मंगळुरी कौलं. मामा बसलेच होते. मी तिन्ही फेज मीटरजवळ मोजले: ठीक. मेन स्विचच्या खाली मोजले: ठीक. प्रिव्हेंटरवर मोजले: ठीक. मोटर जागेवर नव्हती, त्यामुळे स्टार्टर मोकळाच ओढून पुढच्या बाजूला मोजलं. लाल आणि निळा आले. पिवळा आला, गेला, परत आला.

स्टार्टर बंद करून, मेन पाडून, कव्हर उघडलं. आत मुंग्या. म्हणजे मुंग्यांचा थर. खालच्या केबलच्या भोकाला ग्लँड, म्हणजे भोक बंद करणारं बूच, नव्हता, तिथून वर आल्या असणार. ओल्या कुळागरात ऊबदार आणि कोरडी जागा तेवढी एकच. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या स्विचच्या, तीन जोड्यांपैकी पिवळ्या फेजच्या जोडीत चिरडलेल्या मुंग्यांची काळी खरड बसली होती, आणि तिच्याखालची चांदीची टिकली जळून निम्मी राहिली होती. कॉन्टॅक्टर बसला की ती जोडी कधी टेकायची, कधी नुसती टेकल्यासारखी करायची.

प्रिव्हेंटर या सगळ्याच्या आधी, येणाऱ्या लाइनीवर लावलेला. तो व्होल्टेज बघणारा. त्याच्यापर्यंत तिन्ही फेज व्यवस्थित येत होते, दिवे पेटत होते, तो समाधानी होता. फेज तुटत होता त्याच्या पुढे. आणि कॉन्टॅक्टरच्या पुढे बसवला असता तरी फरक पडला असता असं नाही. फिरती मोटर तुटलेल्या लाइनीवर स्वतःच जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तयार करते, त्यामुळे व्होल्टेज बघणाऱ्याला तीन फेज दिसतच राहतात. करंट बघणारा प्रिव्हेंटर हवा होता. दुकानात दोन्ही एकाच नावाने मिळतात.

मग मी मामांना विचारलं, सुरू होताना कधी वेगळा आवाज करायची का?

"करायची ना," मामा म्हणाले. "कधी कधी नुसती घूंऽऽ करून उभी राहायची. मग मी बंद करायचो, परत बटन दाबायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दाबात चालायची."

"कधीपासून?"

"पाऊस गेल्यापासून."

"मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

तिन्ही वेळा मोटर माझ्याकडे मामांनीच भरून पाठवली होती. दोन फेजवर उभी मोटर सुरू होत नाही, नुसती घुमते. फिरत असताना फेज गेला तर मात्र रडतखडत फिरत राहते. मामांच्या एका वाक्यात जानेवारीचं निदान होतं.

पुढचं कोडंही त्यांनीच सोडवलं. करंट ठरवलेल्या आकड्यावर गेला की स्टार्टर पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेची चकती ६ ते १० अँपिअरपर्यंत फिरणारी, खूण १० वर टेकलेली. मोटर ७.५ ची. कोणी केलं? मामा म्हणाले, दिवाळीच्या सुमाराला ती घुमली की स्टार्टर पडायचा, रीसेट करून करून बोट दुखायचं, म्हणून गावातल्या एका ओळखीच्या माणसाने येऊन "वाढवून" दिलं. मला त्या माणसाचा राग आला नाही. मी स्वतः असं दहा ठिकाणी केलेलं बघितलंय आणि एक-दोन ठिकाणी केलेलंही आहे. पण आकडा बघा. दोन फेजवर मोटर १०.४ अँपिअर घेत होती. रिले १० वर. इतक्या बारीक फरकाने तो पडत नाही, पडावा अशी त्याची रचनाच नाही. तास दोन तास तो शांत बसू शकतो. ७.५ वर ठेवला असता तर १०.४ म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के जास्त, काही मिनिटांत पडला असता. मोटर वाचवायला जो शेवटचा माणूस दारात उभा होता, त्यालाच कोणीतरी घरी पाठवलं होतं.

परत येताना एक गोष्ट आठवली. जानेवारीत पोऱ्याने कॉइलींची जोडणी समजून घ्यायला छाटण्याआधी मोबाइलवर फोटो काढला होता. वर्कशॉपात आल्या आल्या त्याला तो शोधायला लावला. फोटो हललेला, अर्ध्यावर त्याच्या बोटाची सावली. तरी दिसत होतं: वर काळा, उजवीकडे काळा, खाली काळा. डावी बाजू चौकटीबाहेर राहिली होती.

सोडणांचा जाळ

इथे प्रकरण संपलं असतं, पण स्टेटर अजून टेबलावर होता, आणि तो दोनदा माझ्या जाळात गेला होता.

स्टेटर अखंड लोखंडाचा का नसतो ते कॉइलींपेक्षा कमी लोकांना माहीत असतं. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे, प्रत्येकाला खाचा पाडलेल्या, प्रत्येकावर इन्सुलेशनचा पातळ थर, आणि अशा पत्र्यांची थप्पी दाबून बॉडीत बसवलेली. अखंड लोखंड घेतलं तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यातच मोठे भोवरे करंट फिरतील आणि लोखंडच तापेल. पत्रे एकमेकांपासून वेगळे ठेवले की भोवरे छोटे राहतात. तो पातळ थर मोटरीच्या आत दिसत नाही, नेमप्लेटवर लिहिलेला नसतो, आणि साडेतीनशे अंशांच्या वर गेला की टिकेल याची खात्री नसते. सोडणांच्या जाळाला काटा नसतो.

यावेळी जाळ केला नाही. एक बाजू छाटून स्टेटर वार्निश सुकवायच्या ओव्हनमध्ये गरम केला आणि कॉइली पुलर लावून एकेक ओढल्या. जिथे अर्धा तास लागायचा तिथे दीड दिवस गेला, पोऱ्याच्या हाताला फोड आले. मग रिकाम्या स्टेटरच्या पोटातून जाड केबलचे वेढे काढून त्यांत करंट सोडला, म्हणजे लोखंड ट्रान्सफॉर्मरसारखं भारलं जातं, आणि अर्धा तास आतून हात फिरवत राहिलो. एका बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, चटका बसला. थर्मामीटरची बंदूक लावली: बाकीच्या जागेपेक्षा १५ अंश जास्त. तीच बाजू जाळात खाली टेकायची.

वाइंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. मुंग्यांनी एक फेज जाळला. आणि मी पुढच्या जळण्याची तजवीज मागच्या अंगणात करून ठेवली होती. मालकांनी माझं तांबं खोटं म्हटलं तेव्हा चूक होते. पत्रे म्हटले असते तर बरोबर ठरले असते.

त्या जागेवरच्या दातांच्या टोकांना चिकटलेले पत्रे पातळ पात्याने सोडवले, मधे पातळ वार्निश झिरपू दिलं, सुकवून परत तीच परीक्षा घेतली. फरक ८ अंशांवर आला. त्याच्या खाली मला आणता आला नाही. मालकांना बोलावून जसं होतं तसं सांगितलं: कारण सापडलंय, स्टार्टर दुरुस्त होईल, पण या स्टेटरचं काही आयुष्य मी खाल्लंय. नवी मोटर घेतलीत तर उत्तम. हीच ठेवायची असेल तर वाइंडिंगची मजुरी घेणार नाही, तांब्याचे पैसे तेवढे द्या. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जाळ दुसऱ्यांच्याही मोटरींना लावतोस का?" मी हो म्हटलं. "मग माझीच का सांगितलीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी हीच मोटर ठेवली.

चौथं वाइंडिंग एफ क्लासच्या साहित्याने केलं, म्हणजे १५५ अंशांपर्यंत टिकणारं. खाचांत नवा कागद, फेज आणि फेज यांच्यामध्ये ओव्हरहँगवर जाड कागद, वर वार्निशमध्ये मुरवलेल्या बांबूच्या पट्ट्या ठोकल्या. बांबू बघून नवे इंजिनिअर हसतात. खाचेत तो घट्ट बसतो आणि तारेला ओरखडा काढत नाही, मला तेवढं पुरतं. वार्निशमध्ये दोनदा बुडवून दोनदा भाजलं. मोकळी चालवली तेव्हा तिन्ही लाइनींत ३.२ अँपिअर.

सावईवेऱ्यात नवा कॉन्टॅक्टर बसवला, खालच्या भोकाला ग्लँड घातला, करंट बघणारा प्रिव्हेंटर लावला. रिले ६.५ वर ठेवला, कारण पंप सहाच घेतो, आणि चकतीवर लाल रंगाचा ठिपका दिला. एक तास चालवली: बॉडी ६८ अंश, बाहेरची हवा ३४. मामांनी बॉडीवर हात ठेवला आणि लगेच काढला. मी सांगितलं, एवढी तापणारच. ते ठिपक्याकडे बघत होते.

"आणि पडली तर?"

"पडू द्या. चकतीला हात लावू नका, मला फोन करा."

एप्रिलच्या शेवटी सकाळी सातला फोन आला. पडली होती, परत सुरू होत नव्हती, पाणी अर्ध्यावर राहिलं होतं. मी पोचलो तेव्हा मामांनी स्टार्टरचं कव्हरसुद्धा उघडलं नव्हतं. मीटरजवळ मोजलं: निळा फेज नव्हता. वर बघितलं, रात्रीच्या वाऱ्याने माडाचं एक चुडत लाइनीवर येऊन पडलं होतं. कळवलं, दुपारपर्यंत लाइन पूर्ववत झाली. तोवर मी पंपघरात बसून टर्मिनल बॉक्स उघडला, तिन्ही वाइंडिंगं मोजली, सारखी आली. मग बॉडीवर हात ठेवला. गार होती.